मोरीतला दगड

लोटन, काल तुझा दहावा झाला. प्रकाशा गावाला, तापीच्या काठी, तुझ्या पुतण्याने पिंड मांडला, माणसं चार पावलं मागे सरकली, आणि पाठ वळते न वळते तोच कावळा आला. माणसं म्हणाली, समाधानी जीव होता, काही मागे राहिलं नाही. मी मात्र उन्हात तासभर उभं राहायचं ठरवूनच गेलो होतो. खरं सांगतो, तू अडून बसशील अशी माझी आशा होती. तू अडला असतास, तर कोणीतरी विचारलं असतं, बाबा रे, याची कोणती इच्छा राहिली? आणि मग मला बोलणं भाग पडलं असतं. तेवढीही सोय तू ठेवली नाहीस.

पुस्तकी मराठीत लिहितोय, हसू नकोस. आपण कोरीटच्या एकाच गल्लीत वाढलो आणि अहिराणीतच भांडलो. पण मास्तरकीने हात बिघडवला आहे. तोंडाने अजून 'शे' म्हणतो, लिहायला बसलो की 'आहे' होतं. तू नेहमी म्हणायचास, 'मास्तर, तुन्हा तोंडम्हा एक मानूस शे आनि हातम्हा दुसरा.' तेव्हा मला ते कौतुक वाटायचं.

तू विहिरी खोदायचास. नुसत्या खोदत नव्हतास, कुठे खोदायची तेही सांगायचास, आणि पंचक्रोशीत तुझा शब्द चालायचा. मागची लढाई संपल्यावर दोन वर्षं पाऊस गेला, विहिरी खोदवून घेणारं कोणी उरलं नाही, म्हणून तू सुरुंगाच्या कामाला मुंबईच्या गोदीत गेलास. तिथून कुठल्याशा परदेशी कंपनीच्या आगबोटीवर. त्यांना कोणी सांगितलं होतं की दक्षिणेच्या टोकाला, बर्फाच्या समुद्रात, एका बेटावर कोळसा आहे, आणि दगड फोडणारी माणसं हवी होती. अडीच वर्षांनी तू परत आलास तेव्हा धुरपा वहिनींनी तुला दारात ओळखलं नाही. अंगावर गोऱ्यांचा लोकरी सदरा, पत्र्याची एक पेटी, आणि पेटीत कपड्यांत गुंडाळलेला ओंजळीत जेमतेम मावेल एवढा राखाडी, भोकाभोकांचा दगड.

मग रोज दिवस कलला की मारुतीच्या ओट्यावर तू सांगायला बसायचास.

'तठे झाड नही. एकबी नही. वारा इतला, का माशीले पंखच नहीत. उडी ते समुद्रम्हा जाई. म्हनीसन चालस.'

'माशी चालस?' पाटील पोट धरून हसायचे.

'चालस. मी डोयाघाई दखं,' तू डोळ्याला बोट लावायचास.

तू सांगायचास, काळ्या रेतीच्या किनाऱ्यावर कमरेएवढे पक्षी माणसासारखे उभे असतात, दहावीस नव्हे, नजर पोचेल तिथवर. कानाजवळ पिवळा पट्टा, पोट पांढरं. घरटं बांधत नाहीत. अंडं पायांवर ठेवतात, वरून पोटाची कातडी ओढून घेतात, आणि नर-मादी आळीपाळीने, मिळून दोन महिने असे उभे. पिल्लू मोठं झालं की तपकिरी घोंगडी पांघरल्यासारखं दिसतं. चिखलात रेड्याच्या चौपट जनावरं लोळतात, नाकाला आखूड सोंड, आणि अंगावरची जुनी कातडी चिंध्या होऊन सुटत असते. एका पक्ष्याचे पंख दोन खाटा टोकाला टोक लावून ठेवल्या तर पुरे पडतील एवढे. गवतात पाऊल टाकलं की गुडघ्यापर्यंत आत जातं आणि खालून पाखरू ओरडतं, कारण तिथली जमीन पाखरांनी पोखरलेली. आणि या सगळ्याच्या वर एक डोंगर, माथ्यावर बर्फ आणि कुशीतून धूर. बर्फापासून दोन पावलांवर जमिनीला हात लावला तर चुलीजवळच्या भुईसारखी ऊन लागते.

लोक ऐकत राहायचे. गुरं दारात हंबरायची, तरी कोणी उठायचं नाही.

इथेच माझं दुखणं सुरू झालं, लोटन. तू यायच्या आधी त्या ओट्यावर मी बसायचो. धुळ्याहून आठवड्याला वर्तमानपत्र यायचं, ते मी वाचून दाखवायचो आणि वर आपली अक्कल पाजळायचो. गावात चार बुकं शिकलेला मीच. तू आल्यावर पहिल्या आठवड्यात सात माणसं माझ्याकडे राहिली, दुसऱ्या आठवड्यात दोन, आणि त्यातले एक बहिरे आजोबा होते. मी वर्तमानपत्राची घडी करून तुझ्या घोळक्याच्या मागे उभा राहायला लागलो. ऐकायला नव्हे, चूक धरायला.

चूक सापडली असं मला वाटलं, ती दगडाच्या गोष्टीत. तुझा धंदाच दगडाचा, त्यामुळे त्या बेटावर इतरांनी पक्षी पाहिले आणि तू खडक. तू म्हणालास, तिथे समुद्राने डोंगर अर्धा कापून काढला आहे आणि कापलेल्या अंगावर थर दिसतात: काळा, त्यावर लाल, पुन्हा काळा, पुन्हा लाल. 'आपली विहिर जशी.' खरंच, आपल्या विहिरीत मुरुमाखाली काळा पाषाण लागतो, मग वीतभर लाल गेरूसारखा पट्टा, मग पुन्हा काळा. त्या लाल पट्ट्याचं कारण तुला आयुष्यभर कळलं नव्हतं, ते तिथे कळलं. काळा थर म्हणजे एकदा वाहून आलेली आग. ती निवते, तिच्यावर माती जमते, पुढची आग येते आणि ती माती विटेसारखी भाजून निघते. आणि आपल्या शिवारातून ती जी काळ्या दगडांची भिंत जाते, सरळ, दोरी लावल्यासारखी, जिला गाव राक्षसाची भिंत म्हणतं, तशीच भिंत तू त्या कापलेल्या डोंगरात उभी पाहिलीस.

'ती कोनी बांधेल नही. खालतीन वर येल शे. जमीन फाटनी, आग वर उनी, तठेच गोठनी. मास्तर, आपला गाव बी कधी चुल्हाम्हाच व्हता.'

पाटील माझ्याकडे वळले. 'मास्तर, तुम्ही शिकेल मानूस. सांगा, हाई खरं शे का?'

माझ्या भूगोलाच्या पुस्तकात सातपुडा होता, तापी होती, कापूस होता. आग नव्हती. मला 'माहीत नाही' म्हणता आलं असतं. दोन शब्द. तीन वर्षांचं पोर म्हणतं. त्याऐवजी मी तुझा दगड हातात घेतला, खाली-वर करून पाहिला आणि म्हणालो, 'हा वीटभट्टीतला झावा आहे.' जास्त भाजून फुगलेली, भोकं पडलेली वीट आपण पाय घासायला आणतो ना, ती. 'नंदुरबारच्या कोणत्याही भट्टीवर असा टोपलीभर मिळेल. बेट कसलं नि काय कसलं!'

ओटा हसून फुटला. तू हसला नाहीस. म्हणालास, 'पाणीम्हा टाकी देख. झावा बुडस. हाऊ तरंगस. मी तो समुद्रवरतीनच उचली आनेल शे.'

हौद दहा पावलांवर होता, लोटन. गुरं पाणी पीत होती. मी म्हणालो, 'पाण्यात टाकायची गरज नाही.' मास्तर म्हणतो गरज नाही, म्हणजे नाही. कोणी उठलं नाही. तू माझ्याकडे पाहिलंस, आणि दगड परत मागितला नाहीस. 'ठेव तुन्हाजोडे. शायाम्हा पोरेस्ले दखाड,' म्हणालास आणि घरी गेलास.

त्या दिवसापासून तू 'माशी लोटन' झालास. पोरं तुझ्यामागे हात अंगाला चिकटवून तुरुतुरु चालायची. तुझी कमळा तेव्हा माझ्या शाळेत दुसरीत होती. मुलं तिला 'माशीनी पोर' म्हणायला लागली आणि ती यायची बंद झाली. तीन दिवसांनी तू तिचा हात धरून शाळेच्या दारात उभा. मला वाटलं, आता हा चार पोरांसमोर माझी काढणार. तू तिला म्हणालास, 'मास्तर सांगस ते शिक. मास्तरले पुस्तकनं माहीत शे.' त्यात टोमणा नव्हता. मी तो शोधत राहिलो, कारण टोमणा सापडला असता तर मला बरं वाटलं असतं.

पण विहीर खोदणाऱ्याचं भांडवल म्हणजे त्याचा शब्द. लोक म्हणायला लागले, ज्याची माशी चालते त्याचं पाणी कसं चालेल? त्या भिंतीच्या वरच्या अंगाला पाणी अडून राहतं, तिथे खोदा, असं तू सांगत होतास. पाटलांनी बाहेरगावचा पाणाड्या आणला. त्याने भिंतीच्या खालच्या अंगाला नारळ फिरवला आणि तुला तिथे खोदायला लावलं. मी तिकडून चाललो होतो. तू कमरेएवढ्या खड्ड्यात होतास. 'आठे पाणी नही मास्तर,' तू वर न बघता म्हणालास, 'तरी खंदी ऱ्हायनू.' ती विहीर आजही कोरडी आहे. तिच्यात बाभळी उगवल्या आहेत.

त्याच वर्षी एका दुपारी तू मला एकट्याला गाठून एक सांगितलंस. ओट्यावर ते तू कधी सांगितलं नव्हतंस. तिथे जाळायला लाकूड नव्हतं, कोळसाही पेटण्याजोगा निघाला नाही, म्हणून भट्टी पेटवायला साहेब लोक पक्ष्यांची चरबी जाळायचे, आणि मारायचं काम तुम्हा खालच्या माणसांकडे. ते पक्षी पळत नाहीत. त्यांनी माणूस कधी पाहिलेला नाही, म्हणून भीतीच ठाऊक नाही. शेजारचा पडला तरी अंड्यावरचा जागचा हलत नाही, नुसती मान वळवून तुझ्याकडे बघतो. तू म्हणालास, 'मी काठी उचलस आनि तो माले दखत ऱ्हास. मी मारं मास्तर. लई मारं.' आणि तू रडलास. विहिरीच्या काठावर, भर दुपारी, कुदळ मांडीवर घेऊन.

मी काय केलं? मनात म्हटलं, खोट्याला रंग चढवण्यात हा बहाद्दर आहे. तोंडाने म्हटलं, 'चल, उन्हं चढली.' माझ्या आयुष्यातल्या वाक्यांपैकी एखादं परत घ्यायची मुभा मिळाली, तर लोक समजतील मी झाव्याचं घेईन. मी हे घेईन.

आता मोरीचं सांगतो. दगड मी शाळेत दाखवला नाही, घरी कोनाड्यात टाकला. आमच्या सुभद्रेच्या टाचा भेगाळलेल्या. तिने ऐकलं होतं की झावा आहे, म्हणून तो मोरीत नेला. त्याच आठवड्यात ती मोरीतून ओरडली, 'अहो, हाऊ झावा बुडस नही!' मी गेलो. घंगाळात तो वर तरंगत होता. तिने बोटाने खाली दाबला, तो पुन्हा वर आला. ती लहान मुलीसारखी हसत होती. मी म्हणालो, 'भाजताना आत हवा राहिली असेल.' आणि मीही त्याच्यावर टाचा घासायला लागलो. ज्या वस्तूवर पाय घासतो ती खरी असायचं कारण नाही, असा काहीतरी माझ्या मनाचा हिशेब असावा. अठरा वर्षं, रोज सकाळी.

तरीही मनात पळवाट होती. ती चार वर्षांपूर्वी बुजली. परीक्षेच्या कामाला धुळ्याला गेलो होतो. तिथल्या शाळेच्या कपाटात एक इंग्रजी सचित्र पुस्तक हाती लागलं. पानं उलटता उलटता काळी रेती आली आणि रेतीवर ते उभे. कानाजवळ पट्टा, पायांवर अंडं. मागे कापलेला डोंगर, काळे-लाल थर, आणि थरांना छेदून वर गेलेली भिंत. माझं इंग्रजी बेताचं, पण चित्राखालची ओळ लागण्याइतकं होतं. त्यात त्या बेटावरच्या बिनपंखी माश्यांचासुद्धा उल्लेख होता. मी पुस्तक मिटलं. आणि पहिली गोष्ट कोणती केली, सांगू? कोणी पाहिलं तर नाही ना, म्हणून खोलीत नजर फिरवली.

परत येताना सर्व्हिस मोटारीत ठरवलं, ओट्यावर जायचं, सगळ्यांना बोलवायचं, सांगायचं. दोंडाईचा आलं तेव्हा ठरलं, सगळ्यांना कशाला, पाटलांना सांगू. नंदुरबार आलं तेव्हा ठरलं, फक्त लोटनला सांगू. गावात पाय ठेवला तेव्हा तू समोरूनच आलास, माझी पिशवी हातातून घेतलीस आणि विचारलंस, 'धुळं कसं व्हतं?' मी म्हणालो, 'ऊन फार.'

त्यानंतर मी तुझ्याशी फार चांगलं वागायला लागलो, आठवतं? चहा, सुपारी, कमळाच्या बाळंतपणात धावपळ. लोक म्हणायचे, मास्तरची दोस्ती बघा. तू प्रत्येक वेळी माझे आभार मानायचास आणि प्रत्येक वेळी मला आतून खरवडल्यासारखं व्हायचं. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात. माझ्या मुठीत तुझी वस्तू होती.

शेवटच्या तीन दिवसांत ताप उतरत नव्हता. मी उशाशी बसलो होतो. वहिनी पाणी आणायला गेल्या, आपण दोघंच होतो. माझ्या तोंडात शब्द तयार होते: लोटन, तू खरं बोलत होतास. पाच शब्द. तू डोळे उघडलेस आणि म्हणालास, 'पेपरम्हा काय लिखेल शे?' मी खिशातून वर्तमानपत्र काढलं. आताच्या लढाईच्या बातम्या वाचल्या, कापसाचा भाव वाचला, जाहिरातीसुद्धा वाचल्या. मी थांबलो की तू म्हणायचास, 'वाचत ऱ्हाय.' ओट्यावर तू माझे श्रोते नेलेस म्हणून मी तुला खोटा पाडला, आणि शेवटी माझा एकुलता श्रोता तूच होतास. वहिनी परत आल्या तेव्हा तुझा डोळा लागला होता. मग तू उठला नाहीस.

म्हणून काल कावळा लगेच आला तेव्हा मी घाबरलो. माणसं धोतरं झटकून नदीकडे निघाली होती. मी ओरडलोच, 'थांबा.' आणि सांगितलं. झाव्याचं, हौदाचं, धुळ्याच्या पुस्तकाचं. लोटन खरा होता, खोटा मी होतो, हेही. आवाज शाळेतला निघाला नाही, पण सगळ्यांना ऐकू गेला.

पाटील आता थकले आहेत. ते काठी टेकत जवळ आले, माझ्या खांद्यावर हात ठेवला. 'बरं कयं मास्तर. मरेल मानूसनं चांगलंच बोलनं पडस.' आणि सगळ्यांनी माना हलवल्या. कोणाचाच विश्वास बसला नाही, लोटन! दोस्तासाठी मास्तर किती बोलला, याचंच कौतुक करत ते आंघोळीला गेले. तुझ्या वेळी माझ्या खोट्यावर गावाने विश्वास ठेवला, आणि माझ्या खऱ्यावर नाही. माझा न्याय झाला म्हण.

संध्याकाळी मी तुझ्या घरी गेलो. वहिनी ओसरीत बसल्या होत्या, कमळा सासरहून आलेली, आत होती. नदीवर जे बोललो ते मी वहिनींना पुन्हा सांगितलं. त्या ऐकत राहिल्या. मग म्हणाल्या, 'त्यास्ले माहीत व्हतं.'

'काय माहीत होतं?'

'तुम्हले माहीत शे, हाई. तुम्हना घर उनात एक दिन, तव्हय मोरीम्हा दगड दखा त्यास्नी. घर ईसन हसनात. म्हने, मास्तर रोज त्याले पाणीम्हा टाकस. म्हनजे मास्तरले कयनं.'

'मला कळलंय हे ठाऊक असून... तो मला काही बोलला का नाही?'

'मी बी तेच सांगं. जा, बोला. ते म्हने, नको. पोरे त्याले खोटा म्हनतीन, मग शाया कशी चालई?'

किती वर्षांपूर्वीचं, ते मी विचारलं नाही. विचारायची हिंमत झाली नाही. मी खिशात हात घातला. दगड सकाळीच मोरीतून उचलला होता, पुसून रुमालात बांधला होता. खरं तर तो तापीत सोडायचा होता, सगळ्यांच्या देखत, तरंगत जाताना दिसावा म्हणून. पण 'बरं कयं मास्तर' ऐकल्यावर हात खिशातच राहिला होता.

मी रुमाल सोडला आणि दगड वहिनींच्या ओंजळीत ठेवला. त्यांनी दोन्ही हात पुढे केले होते, मोठी वस्तू घ्यायला करतात तसे. त्यांना त्याचा जुना आकार आठवत होता. पेटीतून तो त्यांनीच पहिल्यांदा काढला होता. सुपारीएवढा तुकडा त्या दोन हातांच्या मध्ये पडला.

'मास्तर,' त्या म्हणाल्या, 'इतलाच ऱ्हायना?'